बिनपडद्यांची गिटार

आधी माफी मागतो. ज्यांच्या आयुष्यात काही घडलेलं असतं त्यांनी आठवणी लिहाव्यात. मी तेहेतीस वर्षं एका शाळेत वाणिज्य शिकवलं, आणि संगीतात कुणी माझं नाव घ्यावं असं माझ्या हातून काही झालेलं नाही. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी पोस्टकार्डापलीकडे कुणी काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे कागदावर ‘मी’ असं लिहिताना अजूनही कुणीतरी मागे उभं राहून वाचतंय असं वाटतं. तरीही एक पावसाळा आणि त्याच्या मागून आलेला पितृपक्ष डोक्यात असा ठाण मांडून बसला आहे की, तो एकदा कागदावर उतरवल्याशिवाय उठेल असं दिसत नाही. गाण्यातल्या जाणकारांना यात चुका सापडतील. त्यांनी त्या माझ्या पोरवयाच्या समजून सोडून द्याव्यात.

आमचं क्वार्टर उज्जैनच्या रेल्वे कॉलनीत, शेवटच्या ओळीत होतं. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीशेजारी पेरूचं झाड आणि कुंपणापलीकडे थेट यार्ड. शंटिंग करताना डबे एकमेकांवर आदळले की फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणं किणकिणायची, आणि आई भाकरी थापता थापता मान वर न करता सांगायची, “भरलेली गाडी आहे. रिकामीचा आवाज असा नसतो.” आम्ही मूळचे भुसावळकडचे. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बदली झाली म्हणून इकडे आलो आणि इथलेच झालो. आईची भाकरी आणि ठेचा भुसावळचा राहिला, पोहे मात्र उज्जैनचे झाले. वर बारीक शेव, बडीशेप आणि जिरावणाचा मसाला असल्याशिवाय माझी धाकटी बहीण सुमी ताटलीला हात लावायची नाही. “आई, आज नाश्त्यात काय बनवून राहिलीस?” हे तिचं मराठी. आई तिला रोज हसायची, आणि दोन वर्षांनी स्वतःच तसं बोलायला लागली.

नाना कॅरेज फिटर होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते डब्यांच्या कडेकडेने चालत जायचे आणि एकेका चाकावर ठोका द्यायचे. चाक धड असेल तर आवाज घंटेसारखा लांबतो. कुठे तडा असेल तर तो जागच्या जागी बसतो. एवढ्यावरून ते गाडी सोडायची की थांबवायची हे सांगायचे. सातवीपर्यंत शिकलेला, जन्मात एक गाणं न गुणगुणलेला हा माणूस. घरीही कपबशी हातात घेतली की नखाने टिचकी मारून बघायचा. “ही तडकलीय,” असं म्हणून बाजूला ठेवलेली बशी आई चारचारदा उजेडात धरायची, तिला काही दिसायचं नाही, आणि आठवड्याने ती बशी चहा ओतता ओतता दोन तुकडे व्हायची.

मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की माझं नाव विनायक आहे की ‘कॉलेजात गेलेला पहिला’ आहे, असा प्रश्न पडावा. तिथे मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो. उत्तर यायचं, पण ते तोंडापर्यंत आणेस्तोवर दुसरा कुणी देऊन मोकळा व्हायचा. सगळे कसे बोलतात, कुठे हसतात, कँटीनमध्ये हात कुठे ठेवतात, हे मी बघत असायचो. घरी विचारलं की “छान चाललंय” म्हणायचो. नाना मान डोलवायचे. ती मान डोलवणं मला फार जड जायचं.

नानांचा ट्रान्झिस्टर बिघडला म्हणून मी फ्रीगंज बाजारात पप्पू भियांच्या (भैयाला इकडे भिया म्हणतात) दुकानात गेलो, तिथून हे सगळं सुरू झालं. पप्पू भिया पुढे रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे आणि मागच्या खोलीत त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. गणपती, नवरात्र, लग्नं, जिथे बोलावतील तिथे. पावतीवरचं माझं अक्षर बघून ते म्हणाले, “अरे, मोती पिरो दिए! हमारे गाने लिखेगा?” गायकांसाठी जाड रजिस्टरांत गाणी उतरवून द्यायची, असं ते काम होतं. मी वर्षभर मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बसून गाणी लिहीत होतो. गिटारवाल्याने फावल्या वेळात थोडंफार बोटं ठेवायला शिकवलं. पण मी तिथे वाजवणारा नव्हतो, लिहिणारा होतो.

मग बेस, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवणारा मुलगा रतलामला नोकरीला लागला आणि आपलं वाद्य घेऊन गेला. पप्पू भियांनी मुंबईहून नवी बेस गिटार मागवली. त्यांचा धाकटा भाऊ गुड्डू आमच्याच स्टेशनवर पार्सल ऑफिसात होता, त्याने ती रिक्षात घालून आणली. खोका उघडला, आतला भुसा उपसला, आणि सगळे वाकून बघायला लागले. गिटारच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पडदे म्हणायचो. दोन पडद्यांच्या मध्ये कुठेही बोट दाबा, सूर बरोबर येतो. या गिटारला ते नव्हतेच. काळसर लाकडाची ती मान वरपासून खालपर्यंत नुसती गुळगुळीत होती.

पप्पू भियांनी दाढी केलेल्या गालावरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला. “इसके परदे कहां हैं?”

गिटारवाला म्हणाला, “भिया, गंजी भेज दी उन्होंने!”

‘टकली पाठवली’ यावर खोलीत हशा पिकला. दुकानदाराला पत्र गेलं. उत्तर आलं की ही अशीच असते, जाणणारे हीच मागतात, परत घेणार नाही. तेव्हा पप्पू भिया म्हणाले, “ठीक है. मुन्ना बढ़ई को बुलाता हूं. आरी से खांचे काटेगा, पीतल की पत्ती ठोक देगा. हो गए परदे.”

तोपर्यंत कुणाचं लक्ष नसताना मी तिची जाड तार एकदा छेडून बघितली होती. बोट तारेवर जरा सरकवलं की सूर न तुटता वर चढत होता, जसा माणसाचा गळा चढतो. त्या लाकडावर आता सुताराची करवत चालणार होती. आणि मी म्हणालो, “भिया, मैं सीख लूं?” त्या खोलीत मोठ्याने बोललेलं माझं ते पहिलंच वाक्य असावं. गिटारवाला म्हणाला, “लो, मुंशीजी बजाएंगे!” पप्पू भिया मात्र हसले नाहीत. “गणपति तक,” ते म्हणाले. “सुर में बजी तो तू बजाएगा, और ऐसी ही रहेगी. बेसुरी बजी तो मुन्ना आएगा.”

दुकानामागच्या गल्लीत मालतीबाई राहायच्या. व्हायोलिन शिकवायच्या. त्यांचं घराणं दरबारी कारभाऱ्यांचं, आमच्यासारखं बदलीवर आलेलं नव्हे; त्यांच्या दिवाणखान्यात मी पहिले चार दिवस खुर्चीच्या कडेवर बसायचो. व्हायोलिनलाही पडदे नसतात, म्हणून पप्पू भियांनी मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. बाईंनी गिटार बघायलाच मागितली नाही.

“ती राहू दे घरी. गाता येतं?”

“नाही, बाई.”

“मग काय डोळ्यांनी वाजवणार? ऐक. ज्या सुरावर बोट ठेवायचंय तो आधी गळ्यातून काढायचा. हलक्या आवाजात, पण काढायचा. गळा पोचला की बोट आपोआप पोचतं. आधी बोट टाकलंस तर जन्मभर चाचपडत राहशील. आणि त्या दांडीवर खुणाबिणा करू नको हं. कित्येक जण करतात.”

रोज कॉलेजातून येता येता अर्धा तास बाई मला त्यांच्या तानपुऱ्यावर गायला लावायच्या. माझा गळा म्हणजे नानांच्या भाषेत तडकलेली बशी. खालच्या मजल्यावरची माणसं ऐकतील म्हणून मी आवाज आत ओढून घ्यायचो, आणि बाई म्हणायच्या, “लाजून राहिलास? सुराला काय तू कॉलेजात कितव्या बाकावर बसतोस ते माहीत आहे?” घरी तासभर असंच गायचं, ही त्यांची आज्ञा होती. मी होकार द्यायचो. पण दोन खोल्यांच्या क्वार्टरात, शेजारी भिंतीला भिंत असताना, वीस वर्षांच्या मुलाने ‘सा’ लावून बसायचं हे मला जमलं नाही. इथेच माझी चूक झाली, आणि ती मी पुरी सांगतो.

एका दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत गादीवर मांडी घालून बसलो, गिटार मांडीवर घेतली, आणि कीबोर्डवर एकेक सूर दाबून तो गिटारवर सापडेपर्यंत बोट सरकवत राहिलो. सापडला की तिथे टिकली चिकटवली. सुमीच्या टिकल्यांचं अख्खं पाकीट नेलं होतं. ‘सा’ला लाल टिकली, बाकीच्या सुरांना मरून रंगाची. तासाभरात ती काळी मान लग्नघरच्या बायकांसारखी नटली. सुमीने घरी ते बघितलं आणि म्हणाली, “दादा, हिला बांगड्याही भर ना!” मग मी रोज संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून बसायचो, गिटारचं टोक कपड्यांच्या लाकडी पेटीला टेकवायचो, म्हणजे ॲम्प्लिफायर नसला तरी पेटी घुमते आणि आवाज येतो, आणि टिकलीवर बोट ठेवत वाजवायचो. सूर चपखल यायचे. आई भाजी चिरताना पाय हलवायची. आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी “गायलास का काल?” असं विचारलं की मी “हो” म्हणायचो.

आज विचार केला तर वाटतं, खोटं बोलण्याचं एवढं वाईट वाटलं नाही, कारण मला ते खोटं वाटतच नव्हतं. सूर येत होते. परीक्षेत उत्तर आलं की रीत कोण विचारतं, असा माझा तेव्हाचा हिशेब होता.

कॉलनीच्या गणपतीत रविवारी दुपारी मुलांचा बक्षीस समारंभ, आणि पाचला आमचा कार्यक्रम. पुढच्या सतरंजीवर आई, सुमी आणि ड्यूटी बदलून घेतलेले नाना, इस्त्रीच्या सदऱ्यात. मी स्टेजवर गेलो, पट्टा खांद्यात घातला आणि उभा राहिलो. तोवर मी ती गिटार उभ्याने वाजवलीच नव्हती. आमच्याकडे शिकायचं म्हणजे बसायचं. उभ्याने शिकायचं असतं हे मला सुचलंच नाही, आणि दुकानातल्या तालमीतही मी गादीवरच बसायचो. मान वाकवून मी टिकल्या बघितल्या. दिसत होत्या. पहिलं गाणं जलद होतं, ढोलकीत निभावून गेलं. दुसऱ्यात गिटारवाल्याने माझ्याकडे मान वळवली. तिसरं गाणं संथ होतं. बोट बरोबर टिकलीवर होतं, मी पुन्हा पुन्हा बघत होतो, बरोबर टिकलीवरच होतं, आणि तरी प्रत्येक सूर जरासा चढा लागत होता. गायिका एकदा थांबल्यासारखी झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने कानात काहीतरी गेल्यासारखा चेहरा केला.

गाणं संपल्यावर पप्पू भिया हसतमुखाने माइकशी आले, पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं, आणि परत जाता जाता माझ्या ॲम्प्लिफायरचं बटण शून्यावर नेलं. “बजाता रह,” ते हळूच म्हणाले. मी वाजवत राहिलो. पुढची अकरा गाणी मी तारा दाबत, मान डोलवत, काहीही आवाज न करता उभा होतो. शेवटी टाळ्या पडल्या, त्यात माझ्यासाठीही असाव्यात. आई घरी जाताना शेजारणींना सांगत होती, “तो कडेला होता ना, लांब गिटारवाला, तो आमचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेरूखाली दात घासत होतो. नाना ड्यूटीचे बूट घालता घालता म्हणाले, “तिसऱ्या गाण्यानंतर तुझा आवाज येत नव्हता.”

मला वाटलं होतं कुणालाच कळलं नाही. सगळ्यांत आधी मनात आलं ते हेच, की आता घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा काय सांगणार. मी खाली बघत सगळं सांगितलं. बटण, टिकल्या, बाईंना मारलेली थाप, सुतार.

नाना ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी बुटाची नाडी तशीच सोडली आणि विचारलं, “घरी बरोबर वाजत होतं?”

“हो.”

“मग घर आणि स्टेजमध्ये काय बदललं? शेडमध्ये धड असलेली गाडी लाइनवर बिघडली तर आम्ही आधी तेच विचारतो. आण ती गिटार.”

मी मांडी घालून वाजवलं. मग उभं राहून. नाना माझ्यासमोर उकिडवे बसले, एक डोळा मिटला, आधी माझ्या डोळ्यांकडे, मग बोटांकडे बघितलं आणि हसले. मला त्यांचं ते हसू अजून दिसतं. “अरे, प्रेशरचा काटा आम्ही नवीन पोरांना समोर उभं राहून वाचायला शिकवतो. कडेने वाचला की काटा पुढे गेलेला दिसतो. तार लाकडाच्या वर आहे. बसल्यावर तू समोरून बघतोस, उभा राहिलास की कडेने. टिकली तीच, नजर तिरपी. प्रत्येक वेळी बोट केसभर पुढे.” त्यांनी उठून नाडी बांधली. “टिकल्या काढ आता. त्यांनी तुला फसवलं नाही, पण काढ.”

सुमीने आणि मी मिळून त्या काढल्या. लाकडावर गोंदाचे ठिपके राहिले, ते आईने गोडेतेलाच्या बोटाने पुसले.

गिटार घेऊन दुकानात गेलो तर पप्पू भिया रागावलेले नव्हते, ते जास्त वाईट होतं. ते मला चहा पाजून समजावत होते की होतं असं, तू गाणी लिहीत जा, तुझं अक्षर काय सुंदर आहे. सुतार कधी येणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, “आज ही बुला लेता. पर चौदस के बाद श्राद्ध लग जाएंगे. श्राद्ध में नया काम अपन हाथ में नहीं लेते, मुन्ना भी नहीं लेता. नवरात्रि बैठेगी, उस दिन आएगा.” पितृपक्षात कार्यक्रमाची बुकिंगही नसायची. म्हणजे विसर्जनापर्यंतचे दिवस आणि वर पंधरवडा. मी म्हणालो, “भिया, तब तक गिटार मेरे पास रहने दो. अमावस को एक बार सुन लेना.” “ले जा,” म्हणाले. “इतने दिन पड़ी ही तो रहेगी.”

बाईंना खरं सांगायला मी दोन दिवस लावले. सांगितल्यावर त्यांनी तानपुऱ्याला गवसणी घातली आणि म्हणाल्या, “आज जा. आज मी तुला शिकवणार नाही.” तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा म्हणाल्या, “गिटार आणलीस? नाही? मग काय दर्शनाला आलास? जा, घेऊन ये.” मी पळत घरी गेलो आणि घेऊन आलो. त्यांनी मला रस्त्याकडच्या खिडकीत उभं केलं, तोंड बाहेर.

“आता सा वाजव, मग प, मग वरचा सा, पुन्हा खाली. आणि रस्त्यावरून कोण जातंय ते मला सांगत राहायचं. थांबायचं नाही, खाली बघायचं नाही.”

“सायकलवाला,” मी म्हणालो. “दुधाची किटली आहे.”

“सूर पडला. वर घे.”

“दोन बायका. एकीच्या हातात छत्री. केळ्यांची गाडी.”

“कशी आहेत केळी?”

“डाग पडलेत, बाई.”

“तुझा पंचमही डागीच आहे. गा ना रे आधी! केळी सांग, पण गळ्यात सूर धर.”

पहिले काही दिवस माझी धांदल उडायची. गाय आली की सूर जायचा, सूर धरला की गाय निघून जायची. पण एका संध्याकाळी मी टांगा, घोड्याच्या गळ्यातली माळ, त्यात बसलेला टक्कल पडलेला माणूस असं सगळं सांगत गेलो, आणि मागून काही टोकणं आलं नाही. वळून बघितलं तर बाई तांदूळ निवडत होत्या. “वळलास कशाला?” त्या म्हणाल्या. “बरोबर होतं म्हणूनच मी गप्प होते.”

घरी मी आता उभ्याने, मोरीच्या दारात, गात वाजवायचो. शेजारच्यांनी ऐकलं. ऐकोत. आईला मात्र काळजी लागली. श्राद्धाची खीर ढवळता ढवळता ती म्हणाली, “पितरांच्या दिवसांत हे काय गाणं-बजावणं करू राहिला हा?” नाना जेवायला बसले होते. “गाणं नाही ते,” ते म्हणाले. “दुरुस्ती चाललीय. दुरुस्तीला पितृपक्ष नसतो, नाहीतर आमच्या गाड्या पंधरा दिवस उभ्या राहतील.” आईने त्यांच्या पानात एक वडा जास्त वाढला, म्हणजे तिला पटलं होतं.

सर्वपित्री अमावास्येला शहरातली निम्मी माणसं शिप्रेच्या घाटावर होती आणि फ्रीगंज ओस पडलं होतं. पप्पू भिया एकटेच दुकानात बसले होते. मी मागच्या खोलीत उभा राहिलो. ते कीबोर्डवर बसले आणि त्यांनी मुद्दाम तेच तिसरं, संथ गाणं धरलं. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, ओठांत सूर धरून वाजवलं. एका जागी बोट घसरलं, ते मला त्यांच्याआधी ऐकू आलं, आणि मी ते सरकवून जागेवर आणलं. गाणं संपलं. त्यांनी कीबोर्डचं बटण बंद केलं, रुमालाने चष्मा पुसला. “रख जा यहीं,” म्हणाले. “बताता हूं.” एवढंच. मी गिटार खुंटीला टांगली आणि आलो. परतताना पट्टा नसलेला खांदा मला हलका नाही, उघडा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी घट बसले. निरोप नाही. दुपारी कॉलेजातून येताना मी मुद्दाम दुकानावरून गेलो. पुढे कुणी नव्हतं, आणि मागच्या खोलीतून हातोडीचा आवाज येत होता. ठोक ठोक, मग थांबणं, मग पुन्हा ठोक ठोक. मी पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिलो. आत जाऊन बघण्याचं धाडस मला झालं नाही. करवतीचे खाचे पडलेली ती मान बघण्यापेक्षा न बघितलेली बरी, असं वाटलं. मी उलट पावली आलो. त्यानंतर मी त्या रस्त्याने गेलोच नाही. बाईंकडेही गेलो नाही. लांबचा वळसा घालून घरी यायचो आणि पुस्तक उघडून बसायचो. नाना बघायचे, विचारायचे नाहीत. एकदा सुमी म्हणाली, “दादा, आता मोरीत गात नाहीस?” तर आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

आता उज्जैनच्याच नानाखेडा भागातल्या या घरात बसून लिहिताना स्वतःलाच विचारतो, की तेव्हा आत पाऊल का टाकलं नाही. दोन पायऱ्यांचा तर प्रश्न होता. पण बातमी दारापर्यंत चालत येईपर्यंत ती खरी होत नाही, असा समज त्या वयात असतो. माझा तरी होता.

षष्ठीला नाना ड्यूटीवरून आले. मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पाटावर बसले, भाकरीचा पहिला तुकडा मोडला, आणि म्हणाले, “तो पार्सलातला गुड्डू भेटला आज. पप्पूचा भाऊ. फार ओशाळला होता बिचारा. पाच दिवस झाले म्हणे, भावाने तुझ्यासाठी निरोप दिला होता. दसऱ्याच्या पार्सलांच्या गर्दीत विसरला.”

माझा घास हातातच राहिला. “काय निरोप?”

“अष्टमीला देवासला कार्यक्रम आहे. दुपारी दोनला दुकानावर ये, बस सुटते. उशीर करू नकोस, असं दोनदा सांगितलंय.” त्यांनी ठेचा घेतला, आईकडे पाण्याचा तांब्या मागितला. मग आठवल्यासारखं म्हणाले, “आणि सुतार आला होता म्हणे घटाच्या दिवशी. त्याला गिटारला हात लावू दिला नाही. आलाच होता तर त्याच्याकडून स्पीकरसाठी फळी ठोकून घेतली.”